मंगळाच्या रात्रीचा उजेड

परळच्या आमच्या वाचनालयात, स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांच्या गर्दीत, पन्नाशीच्या त्या बाई एकट्याच. पंख्याखालच्या टेबलाशी लॅपटॉप उघडायच्या आणि आधी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायच्या. पुरुषाचा, मोठ्या चौकटीचा. आमच्याकडे रुमाल टाकला की जागा पक्की, कुणी हात लावत नाही. पण संध्याकाळ झाली तरी त्या खुर्चीवर कुणी यायचं नाही. माझं डोकं फिरायचं.

एकदा कुठेच जागा नव्हती. मी सरळ रुमाल उचलला. "कुणी येणार आहे का हो?"

"नाही. बसा." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि कडा बोटाने दाबत घडी घातली. पडद्यावर आकड्यांच्या रांगा होत्या. मी उगाच विचारलं, हे काय?

"मंगळाच्या वरच्या हवेतला उजेड. दिवसा तिथे उन्हाने रेणू फुटतात. सुटे झालेले अणू वाऱ्याबरोबर रात्रीच्या बाजूला जातात आणि तिथे पुन्हा जुळतात. जुळताना अतिनील उजेड पडतो. आपल्या डोळ्यांना नाही दिसत, पण पडतो." मग म्हणाल्या, "आम्ही दोघं मिळून करायचो हे काम. तो परदेशी गेला, तिकडचाच झाला."

मी पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर खुर्चीवर रुमाल होता, इस्त्री केलेला. मी मुकाट्याने भिंतीकडच्या बाकावर बसलो. दार वाजलं की त्या मान वर करायच्या. त्या दिवसापासून मीही करायला लागलो.