घरात हरवलेल्या मुलीचं पुस्तक

मुलीच्या पुस्तकाला कव्हर घालताना डिंकाचा वास आला आणि धरमपेठेतलं वाचनालय आठवलं. मे महिना होता, कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास कपाटांपर्यंत पोचला होता. मी चौदा वर्षांची होते आणि घरी आईबाबा वेगळे होण्याच्या बेतात होते. वाचनालयात दोन खोल्या होत्या, एक लहानांची, एक मोठ्यांची. माझं कार्ड लहानांचं. मी ग्रंथपालबाईंकडे मोठ्यांच्या खोलीतलं पुस्तक मागितलं. "काहून वं, इथली संपली का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मॅडम, यातली पोरं जंगलात हरवतात अन् घरी येतात. मले घरातच हरवलेल्या पोरीचं पुस्तक पाहिजे." त्यांनी नियम सांगितला. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी त्यांनी एक कादंबरी माझ्यापुढे ठेवली. "मी आधी वाचून पाहिली. यातले मायबाप शेवटीही एकत्र येत नाहीत. चालते तुले?" मी कार्ड पुढे केलं. दोन दिवसांत ती वाचून झाली, आणि ज्या प्रश्नाला महिनाभर घाबरत होते तो मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारला, "मी कोणाकडे राहणार?" आईने गॅस बंद केला आणि पहिल्यांदाच माझ्याशी सगळं खरं बोलली. अशा लिखाणाला कुमार साहित्य म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आता मी तेच लिहिते. परवा माझ्या नव्या कादंबरीबद्दल संपादक म्हणाले, मुलांचं पुस्तक आहे, शेवटी आईबाबांना एकत्र आणा. मी म्हटलं, हवं तर छापू नका, पण मी शेवट बदलणार नाही.