गच्चीवरचं कुरडू

"माय, माझं कुरडू कोणं उपटलं वं?" मी गच्चीवरून असा ओरडलो, की धरमपेठेतली कबुतरं थेट मौद्याला जाऊन टेकली असतील. गावच्या शेताच्या धुऱ्यावरून मूठभर बी आणलं होतं. निम्मं मुंग्यांनी पळवलं, उरलेलं कसंबसं रुजलं, आणि त्याचे गुलाबी तुरे बघायला मी महिनाभर श्वास रोखून बसलो होतो. आता कुंडीत नुसती माती!

धाडधाड खाली आलो. आई कढई घासत होती. दुपारी वाहवा करत पुन्हा मागून घेतलेली पालेभाजी आठवली आणि मी कपाळावर हात मारला.

"अवं, मले त्याची फुलं पाहायची होती!"

आईनं कढई पालथी घातली. "फूल आलं का भाजी जून होते."