फोटो एका ओळीत

"मॅडम, सगळीकडे सेम टू सेम दिसलं पाहिजे." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी श्रीरामपुरात एका मेडिकलच्या वरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइट बनवते, आणि प्रत्येक दुसरा माणूस मला हे वाक्य ऐकवतो. ऐकवताना चेहरा असा, की एवढं साधं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तेच पान भिंतीवरच्या टीव्हीवर वाचता यावं आणि पंजात मावणाऱ्या मोबाईलवरही वाचता यावं, हेच तर माझं काम. पण त्यासाठी ते दोन्हीकडे हुबेहूब तसंच ठेवून चालत नाही. पडदा अरुंद झाला की शेजारचं खाली घ्यावं लागतं, ओळी मोडाव्या लागतात. अक्षर मात्र बारीक होऊ द्यायचं नाही. बापाचा सदरा पोराला चढवून कुणी त्याला मापाचे कपडे म्हणत नाही. हे समजावून सांगायला लागले की समोरचा माणूस चहा मागवतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका बाजार समितीचं काम माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही. घोडेगावाएवढा मोठा बाजार नव्हे, पण दर शुक्रवारी गाई, म्हशी, शेरडं भरपूर येतात आणि लोक लांबून टेम्पो करून येतात. बाजार चालू की बंद हे माणसाला घरबसल्या कळावं, म्हणून वेबसाइट हवी, असं सचिव म्हणाले. मला ते मनापासून आवडलं. माझी मावशी त्याच बाजाराला जाते. मी ती सूचना पानाच्या अगदी वर, ठसठशीत अक्षरांत ठेवली आणि मावशीला फोन करून सांगितलंसुद्धा, की आता बाजाराचं तुला कुणाला विचारायला नको.

मग मंजुरीची बैठक झाली. सभापतींच्या केबिनमध्ये भिंतभर टीव्ही आहे, त्यावर पान उघडलं. सूचनेकडे कुणी बघितलंही नाही. पहिला प्रश्न आला, "आमचे फोटो?" फोटो होते, सूचनेच्या खाली, सगळ्या संचालकांचे, एका ओळीत. ते वर घ्या, म्हणाले. घेतले. सगळे खूश झाले. तेवढ्यात उपसभापतींना काय बुद्धी झाली, त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

मोबाईलवर फोटो अर्थातच एकाखाली एक आले होते. सभापतींच्या फोटोखाली आपला फोटो बघून उपसभापतींचा चेहरा उतरला.

"मी यांच्या खाली?"

"साहेब, पडदा अरुंद आहे म्हणून. टीव्हीवर शेजारीच आहात."

"लोकांच्या हातात टीव्ही हाय का मोबाईल?"

प्रश्न बिनतोड होता. एवढ्या बैठकीत शहाणपणाचा तेवढाच, आणि तोही स्वतःच्या फोटोसाठी. मग सगळ्यांनीच मोबाईल काढले. सगळ्यात तळाला गेलेले एक संचालक तर माझ्याशी बोलायचेच बंद झाले. चहा आला, पुन्हा चहा आला, आणि शेवटी ठरलं, की मोबाईलवरही पान टीव्हीसारखंच दिसेल, सगळे फोटो एका ओळीत. मी म्हटलं, "मग खालची अक्षरं मुंगीएवढी होतील." सभापती हसून म्हणाले, "लोकं बोटानं मोठं करत्यात की."

मी भांडले. सचिवांनी मला व्हरांड्यात नेऊन हळूच सांगितलं, "तुम्ही नाही केलं तर दुसरा करून देईल, मॅडम. तो एवढं समजावतही बसणार नाही." ते खरं होतं, याचाच मला जास्त संताप आला. पान त्यांना हवं तसं झालं.

मावशी एकटी राहते. काका गेल्यावर तिनं गोठा कमी करत करत एकच म्हैस ठेवली होती. आता तिचे गुडघे गेले, धार काढायला बसवेना, म्हणून म्हैस विकायचं तिनं ठरवलं. म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. अशा म्हशीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. पण तिला फक्त गिऱ्हाईक नको होतं, चांगलं घर हवं होतं. बाजारात उभं राहून, माणूस बघून ती म्हैस देणार होती.

त्याच आठवड्यात जनावरांची साथ आली आणि बाजार बंद ठेवायचं ठरलं. समितीनं वेबसाइटवर सूचना टाकली. मला कुणी कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं. मावशी भर उन्हात टेम्पो करून गेली. फाटकाला कुलूप. टेम्पोवाल्यानं खड्ड्याखड्ड्यांतून म्हैस परत आणली आणि दुसऱ्या दिवशी म्हैस गाभडली. मेलेलं रेडकू मावशीनं स्वतः बघितलं. पुढं दारात आलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात, तिनं म्हैस देऊन टाकली.

हे सगळं झाल्यावर तिनं मला फोन केला, आणि तेही सहज, ख्यालीखुशाली विचारायला. मी ओरडलेच, "अगं, जायच्या आधी बघायचं तरी!"

"बघितलं की," ती म्हणाली. "ग्रुपवर एक म्हनतो चालू, दुसरा म्हनतो बंद. म्या म्हनलं, आपल्या पोरीनं केल्यालं बघावं. तर फोटूच फोटू. खाली काय तरी बारीक बारीक हुतं. मला वाटलं, त्यांचीच नावं आसतील."

आपल्या पोरीनं केलेलं. त्या तीन शब्दांनी मला जे झालं ते कुणाच्या शिव्यांनी झालं नसतं.

मी थेट सभापतींना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूचना टाकली हुती ना? मग आमची जबाबदारी संपली. मोबाईल मोठा घ्यावा मानसानं."

त्याच दिवशी कुणाला न विचारता मी पान बदललं. टीव्हीवर त्यांना हवं तसंच ठेवलं. मोबाईलवर मात्र सूचना सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत आणि फोटो पार तळाला, एकाखाली एक. आता फोन येईल म्हणून मी भांडायची तयारी करून बसले. फोन आलाच नाही. आठवडे गेले, महिने गेले. ज्या मोबाईलवरच्या फोटोंसाठी एवढा गोंधळ घातला, त्या मोबाईलवर यांतल्या एकानंही पुन्हा ते पान उघडलं नव्हतं.

उलट वार्षिक सभेत माझा सत्कार ठरला. शाल, नारळ, आणि सभापतींचं भाषण, की आपली वेबसाइट कुठंही उघडा, सारखीच दिसते. मला राहवलं नाही. मी माइक घेऊन म्हटलं, "एकदा सगळ्यांनी मोबाईलवर उघडा आणि येत्या शुक्रवारी बाजार आहे का सांगा."

व्यासपीठावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या, अंगठे चालू लागले. उत्तर पहिल्याच ओळीत होतं. ते ओलांडून सगळे खाली खाली सरकत राहिले.

"माझा फोटू कुठंय?" उपसभापती म्हणाले.

"खाली आहे, साहेब. आधी म्हशी, मग तुम्ही."

समोर बसलेले शेतकरी खदखदून हसले. सभापती दात आवळून म्हणाले, "पहिल्यासारखं करून द्या." मी म्हटलं, "नाही करणार," आणि शाल खुर्चीवर ठेवून निघाले. काम गेलं तर गेलं.

तिथून तशीच मावशीकडे गेले. झालेलं सगळं तिला सांगितलं, तिच्या मोबाईलवर पान उघडून दिलं. तिनं चष्मा न लावता एकेक शब्द मोठ्यानं वाचला, "शुक्रवारी बाजार चालू आहे."

"आता दिसतंय गं चांगलं," ती म्हणाली. मग रिकाम्या गोठ्याकडं बघत तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"पन आता बाजारला काय घिऊन जाऊ?"