काचेच्या दवाखान्याचे छायाचित्र

विघ्नहर्त्या गणरायास वंदून, लेकीच्या नव्या दवाखान्याच्या वास्तुशांतीचा प्रसंग लिहितो. यजमानपद आम्हां उभयतांकडे होते. परंतु पाय मोडल्याने पत्नीला येता आले नाही. "इमारतीचे छायाचित्र घेऊनच परतेन," असा शब्द मी तिला दिला होता.

शेलूबाजारला महामार्गालगतची ती इमारत दर्शनी बाजूने सारी काचेची. पूजा आटोपताच सोवळ्यातच मोबाइल घेऊन समोर उभा राहिलो. पण प्रत्येक चित्रात मीच! डावीकडे सरकलो, तर काचेत जीपगाड्या आल्या. रस्त्यापलीकडे गेलो, तर विजेच्या तारा. आयुष्यभर प्रवचनांतून इतरांना चित्तस्थैर्य शिकविले, आणि त्या दुपारी माझेच चित्त थाऱ्यावर नव्हते. पत्नीला काय दाखवावे?

लेक बाहेर आली. "बाबा, किती फोटो काढता? जेवाले लोक खोळंबून राह्यले!"

संध्याकाळी घरी येऊन खजील मनाने मोबाइल पत्नीच्या हाती दिला. "दवाखाना आलाच नाही, मीच आलो."

तिने चित्र बोटांनी मोठे केले आणि काचेतल्या माझ्या कमरेपाशी थांबली. पत्नी पूजेस बसू शकत नसेल, तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून संकल्प करतात. त्या सुपारीचा फुगवटा धोतरावर स्पष्ट दिसत होता.

"हे मीच ना?" ती हसली. "मंग मी दवाखाना पाहून आली म्हणा की!"

दिवसभराची तगमग तेव्हा कुठे निवली. वाचकहो, आपल्या घरातील यजमानांची दोन्ही आसने सदैव भरलेली राहोत.