आधी ओरडेल त्याचं अस्वल

आमच्याकडे अस्वल ज्याला आधी दिसतं, त्याचं. मारो कुणीही, जो आधी ओरडला त्याला कातडं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, तुकुम्मेकच्या, नवऱ्याला, मसाइत्सिआकला, कैक हिवाळे अस्वल दिसलं नव्हतं. त्याची अस्वलाच्या कातड्याची विजार गुडघ्यांवर पार झडली होती.

“भाओजी, विजारीला टक्कल पडलं की!” मीसुद्धा चिडवायचे. तो हसायचा, ताई माझ्यावर डाफरायची.

त्या वसंतात दोघं गोठलेल्या समुद्रावर गेली. मसाइत्सिआक वाकून सील सोलत होता, ताई घसरगाडीवर बसली होती. बर्फाच्या उंचवट्याआड पिवळट पाठ हलली, मग काळं नाक दिसलं. वारा उलटा होता, कुत्र्यांना वास आला नाही. ताई ओरडली असती तर अस्वल तिचं झालं असतं. ती गप्प बसली. ते त्याला दिसायला हवं होतं.

“जरा पाठ सरळ कर की,” ती म्हणाली. “केव्हाचा वाकलायस.”

“थांब गं, आतडी तर काढू दे. भूक लागली वाटतं बाईसाहेबांना!”

अस्वलाच्या तळव्यांनाही केस असतात, चाहूल म्हणून लागत नाही. ताईनं तोंड उघडलं तेव्हा ते त्याच्या पाठीवर होतं. एका फटक्यात त्याच्या डोक्याची कातडी सोलून निघाली. कुत्री तुटून पडली, त्यातली दोन फाटून बाजूला पडली. ताईनं भाला अस्वलाच्या खांद्यामागे खुपसला. तरी ते मान सोडेना. पोटाचा जोर लावून तिनं दांडा आत रेटला, रेटतच राहिली. शेवटी त्याच्या तोंडातून भळाभळा रक्त आलं आणि ते मसाइत्सिआकवरच कोसळलं. खाली तो केव्हाच गेला होता.

तिनं अस्वल तिथंच सोललं. यकृत विषारी, कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून भेगेत टाकलं. मग नवरा आणि कातडं एकाच गाडीवर घालून घरी आणलं.

“आधी कुणी पाहिलं?” म्हाताऱ्या कैर्नगाकनं रिवाजाप्रमाणे विचारलं.

“त्यानं,” ताई म्हणाली.

विजार शिवता शिवता तिनं मला खरं सांगितलं. ती नवी विजार त्याला घालूनच आम्ही त्याच्यावर दगड रचले.

तेव्हापासून काहीही दिसलं की ती ओरडते. सील, कावळा, उतू जाणारा चहा. “तुकुम्मेक, डास आला, ओरड!” म्हणून पोरं पिडतात. एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटतं मला.

काल मी उंबऱ्यात पाऊलही टाकलं नव्हतं, तोच आतून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “आली! माझी बहीण आली!” मी तिथंच बसून रडले.