दावणीची गाठ

आमंत्रणाचा फोटो मी भावकीच्या ग्रुपवर टाकला, वर जोडलेले हातही चिकटवले. बायको ओरडली तेव्हा घाईघाईनं पुसला. पुसला गेला तो फक्त माझ्या फोनवरून. गावाकडे घोडेगावात सगळ्यांच्या हातात तो तसाच होता, आणि मी मात्र निर्धास्त चहा पीत होतो.

आमंत्रण होतं धाकट्या भावाच्या चित्रांचं. मनाच्या आजारातून गेलेल्या चित्रकारांसाठी नगरला कापडाच्या एका दुकानावर, माडीवर दालन आहे. तिथला एक नियम फार कडक: ज्याची चित्रं, त्यानंच ठरवायचं कुणाला बोलवायचं. भावानं चिठ्ठीवर तिघांचीच नावं लिहिली होती. मी, माझी बायको आणि त्याच्या डॉक्टर.

"गावाकडचं कुणी आलं ना दादा, तर मी चित्रं उतरवून घरी जाईन. परत ब्रशला हात लावणार नाही."

तो उगाच बोलत नाही. पंधरा वर्षांपूर्वी आजार पहिल्यांदा उसळला, तेव्हा चुलत्यांनी त्याला गोठ्यात दावणीला बांधलं होतं. अख्खा दिवस. दोर आणायला मला पिटाळलं होतं, आणि मी पळत जाऊन आणला होता. हा भाग मी सहसा सांगत नाही.

चित्रं लागली त्या दिवशी अकराच्या सुमारास जिन्यातून आवाज आला, "लई उभा हाय रं जिना तुमचा!"

चुलतेच. भावानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे भिंतीकडे गेला आणि मधल्या मोठ्या चित्राची चौकट दोन्ही हातांनी धरली.

मी दारात आडवा झालो. "तात्या, आधी खाली चहा घेऊ."

"चहा पिऊन आलोय. सरक." माझ्या एवढ्या थोरल्या पोटाला वळसा घालून ते आत गेलेसुद्धा.

भावाच्या हातातल्या चित्रात रिकामी दावण होती. जनावर नाही, माणूस नाही. फक्त खुंटा आणि त्याला बांधलेला दोर. चुलत्यांचा जन्म बैलबाजारात गेलेला. ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टर पुढे यायला निघाल्या, बायकोनं त्यांचा हात धरला.

"ही गाठ म्हाजी हाय," चुलते म्हणाले. "बाजारात अशी दुसरं कुनी मारत न्हाई." मग ते भावाकडे वळले. "मीच बांधलं हुतं तुला."

भावाची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती.

"बरोबर आलीय का?" त्यानं विचारलं.

चुलत्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. "शेवटचा पदर आतून जातो. तू दावलाय." टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. "बराबर हाय."

भावानं हात काढले. चित्र भिंतीवरच राहिलं. चुलत्यांना बसायला त्यानं खुर्ची दिली नाही, पण जा असंही म्हणाला नाही.

परतताना स्कूटरवर मला धीर आला. "बघ, फोटो गेला ते एका परीनं बरंच झालं की नाही?"

चौकात बायको मागून म्हणाली, "तात्यांनी गाठीचं सांगितलं. दोराचं तुम्ही भाऊजींना कधी सांगताय? आणि ग्रुपवर नको. समोर बसून."