माडवेळच्या रस्त्याचं शूटिंग

श्रीपादसर आम्हाला जामसंड्यात विज्ञान शिकवायचे. जे मोजता येत नाही ते खरं मानायचं नाही, असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी रस्ता घेतला.

सर माडवेळवाडीला राहत. तिथून जामसंडे चार किलोमीटर. या रस्त्यावर पावसाआधी एकशे त्रेचाळीस खड्डे होते. पावसात ते एकमेकांत मिसळले, म्हणून नंतरचा आकडा कमी आला. सर मोटरसायकलवर पुढे आणि पत्नी सुनीतीबाई मागे, असे दोघे आठवड्यातून तीनदा बाजाराला येत. बाईंची कंबर धरली तेव्हा देवगडच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडलात?"

"नाही," बाई म्हणाल्या, "घरून आले."

सरांनी रस्त्यासाठी बांधकाम कार्यालयात पाच अर्ज केले. पाचांना मिळून एक उत्तर आलं. रस्त्याची पाहणी केली असता तो वाहतुकीस योग्य आढळला.

२००८ च्या दिवाळीत लेक गौरजा अमेरिकेहून आली. तिने वडिलांसाठी आगपेटीएवढा कॅमेरा आणला होता. मनगटावर बांधून समुद्रात पोहताना शूटिंग करायचं, अशी त्याची सोय. सरांना पोहता येत नव्हतं. त्यांनी दोन दिवस माहितीपत्रक वाचलं आणि कॅमेरा घेऊन लवू वेल्डरकडे गेले.

"ह्यो कॅमेरो?" लवू म्हणाला. "आणि ह्येका खंय बसवचो?"

"मोटरसायकलवर. रस्ता दिसला पाहिजे."

लवूने नळाच्या पाइपचा क्लॅम्प हँडलवर आवळला, त्यावर लोखंडी पट्टी ठोकली आणि पट्टीवर कॅमेरा बसवला. सर शूटिंग करत वाडीपर्यंत गेले आणि परत आले. जामसंड्यात माझा फोटो स्टुडिओ, त्यामुळे सीडी करायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर आभाळ, माड, डांबर, पुन्हा आभाळ असं अकरा मिनिटं चाललं. मी मधे दोनदा बाहेर जाऊन आलो. सर खूश होते.

कार्यालयातल्या साहेबांनी सीडी पूर्ण बघितली. "सर, यात कॅमेरा हलतोय. रस्ता कुठे खराब दिसतोय?"

हा आक्षेप सरांना शास्त्राला धरून वाटला. ते परत लवूकडे गेले.

या वेळी लवूने जीव ओतला. ट्रकच्या ट्यूबचे तुकडे, जुन्या स्लिपरचा तळ, त्यात रुतवलेला कॅमेरा आणि वरून ताणलेल्या रबरी पट्ट्या. "आता तुमी हलशात, ह्यो हलूचो नाय," तो म्हणाला. तसंच झालं. नव्या सीडीत रस्ता तळ्याच्या पाण्यासारखा शांत होता. साहेबांनी शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना बोलावून तो दाखवला आणि रस्ता चांगला असल्याचा पुरावा म्हणून सीडी फाइलला लावून घेतली.

त्या संध्याकाळी सरांनी घरी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याला गादी दिलीत. मला काय दिलंत?"

सर उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लवूकडून लेग गार्डला एक सळी जोडून घेतली. वर तीच रबराची गादी, पण कॅमेऱ्याचं तोंड मागे, बाईंकडे. बाईंनी आधी साफ नकार दिला. मग साडी बदलून आल्या.

ही तिसरी सीडी आम्ही चौघांनी माझ्या दुकानात बघितली. कॅमेरा स्थिर होता. बाई मात्र चौकटीत वर-खाली होत होत्या. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. ओढ्यावरच्या मोरीजवळच्या खड्ड्यात तर बाईंचं डोकं चौकटीतून पार वर गेलं आणि मग परत आलं. लवू हसला, मीही हसलो. सर हसले नाहीत. बावीस वर्षं ते पुढे बसून गाडी चालवत होते, मागे काय चालतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मला तो भाग तीनदा मागे घ्यायला लावला. प्रत्येक खड्ड्याच्या जरा आधी बाई डोळे मिटत आणि सरांच्या खांद्यावरचा हात काढून मागची कडी धरत.

"हात का काढतेस?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला हिसका बसू नये म्हणून."

"पण खड्डा येणार, हे तुला आधीच कसं कळतं?"

"तुम्ही नेहमी त्याच खड्ड्यांतून नेता."

लवूला अचानक आपल्या दुकानातलं काम आठवलं. तो गेला.

साहेबांनी तिसरी सीडी बघितली. मोरीजवळ दचकून म्हणाले, "बाई पडल्या?"

"नाही. पुढे बघा, येतात."

साहेबांनी सीडी थांबवली. मग म्हणाले, "मी प्रत्यक्षच बघतो." सरांनी त्यांना बाईंच्या जागेवर बसवलं. मी माझ्या स्कूटरवरून मागे होतो. मोरीपर्यंत साहेबांनी दम धरला. मोरीजवळ उतरून, कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "सर, तुम्ही व्हा पुढे. मी चालत येतो."

मार्चमध्ये जामसंड्यापासून मोरीपर्यंत डांबर पडलं. मोरीपलीकडचा पाऊण किलोमीटर दुसऱ्या कार्यालयाकडे येतो, हे तेव्हा कळलं. तिथले साहेब अजून सीडी बघायच्या आहेत म्हणतात.

तोपर्यंत मोरीशी आलं की सर गाडी बंद करतात. बाई उतरतात, पिशवी सीटवर ठेवतात, आणि दोघं गाडी ढकलत घरापर्यंत चालत जातात. येणारे-जाणारे थांबून विचारतात, "सर, पेट्रोल संपला काय?"

सर म्हणतात, "नाही. टाकी भरलेली आहे."